ताई, माझा नवरा रोज रात्री गेममध्ये फुलं तोडत बसतो

आधी पत्र देते, थोडं कापलंय.

"ताई, नमस्कार. सदर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. माझं वय ३८, नवऱ्याचं ४१, मुलगी सहा वर्षांची. मुलगी झोपली की हा टीव्हीला गेम लावून बसतो, स्कायरिम नावाचा. २०११ सालचा आहे म्हणे आणि याने आता तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलाय. रोज दीड-दोन तास. बाकी तक्रार नाही, नोकरी नीट करतो, घरातलं बघतो, मुलीचा अभ्यास तोच घेतो. परवा मी मुद्दाम मागं उभी राहून वीस मिनिटं बघितलं. मला वाटलेलं तलवारी, मारामारी, असं काहीतरी असेल. तर हा आपला घोड्यावरून चाललाय, मध्येच थांबतो, उतरतो, रस्त्याकडेची निळी फुलं तोडतो, परत घोड्यावर बसतो. वीस मिनिटं हेच! काय करतोयस विचारलं तर म्हणाला, काही नाही, चाललोय असंच. मला हसू पण आलं आणि राग पण. यात एवढं आहे तरी काय? आणि खरं विचारायचं तर, आमच्या घरात असं काय कमी पडलं की याला रोज रात्री तिकडं जावंसं वाटतं? भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय."

समजून घ्यायचंय म्हणालात म्हणून उत्तर लांबलचक देतेय. आणि आधीच कबूल करते की या विषयात मी अजिबात तटस्थ नाही, याच गेमपायी मी एकेकाळी रविवारच्या रविवार घालवलेत, त्यामुळे तुमच्या नवऱ्याची बाजू जरा जास्त घेतली गेली तर सांभाळून घ्या, शेवटाकडे त्याचे कान पण धरणार आहे.

आधी फुलांचं बघू, कारण तो म्हणाला "काही नाही" आणि ते काही अगदी खरं नाही. त्या गेममध्ये औषधं बनवता येतात. ते निळं डोंगरी फूल आणि गहू एकत्र केले की जखम भरणारं औषध तयार होतं. प्रत्येक वस्तूत चार गुण असतात आणि गेम ते आधी सांगत नाही, तुम्ही ती वस्तू चक्क खाऊन बघायची, मग पहिला गुण कळतो, आणि बाकीचे वेगवेगळी मिश्रणं करत करत शोधायचे. फुलपाखराचे पंख, मशरूम, राक्षसाच्या पायाचं बोट, सगळं खाऊन बघायचं. माझ्याकडं तेव्हा एक वही होती, कशात काय घातलं की काय होतं ते लिहिलेली. गेम हे सगळं स्वतःच लक्षात ठेवतो हे मला बऱ्याच उशिरा कळलं, पण वही काही बंद केली नाही. म्हणजे बघा, फुलं तोडणं हे काम आहे. आता तिसऱ्या खेपेला त्याला सगळं पाठ असणार, तरी तोडतोय, कारण एकदा ती सवय लागली की रस्त्याकडेला निळं काही दिसलं तर घोडा पुढं नेववत नाही. मग पिशवी भरते, वजन ३०० च्या वर गेलं की माणूस पळूच शकत नाही, नुसता रखडत चालतो, तेव्हा कुठं बसून हिशोब करायचा की यातलं काय टाकून द्यायचं, आणि टाकवत तर काहीच नाही.

आता मुख्य गोष्ट. गेमची सुरुवात अशी आहे की तुम्ही कैदी आहात, गाडीतून तुम्हाला डोकं उडवायला नेतायत, आणि ऐन कुऱ्हाड उचलली जाते तेव्हा ड्रॅगन येऊन अख्खं गाव जाळतो. तुम्ही कसेबसे सुटता आणि तुम्हाला सांगतात की व्हाइटरन नावाच्या शहरात जाऊन तिथल्या सरदाराला ही खबर दे, लवकर जा. जग बुडायची वेळ आलीय असं सगळं वातावरण. आणि मी काय केलं असेल? गेलेच नाही. नदीच्या कडेनं उलटीकडं चालत सुटले. कुणाच्या तरी शेतात कोबी काढला, एका गुहेत शिरले, मार खाऊन पळाले, मग बर्फात एक पडकं देऊळ दिसलं तिकडं गेले. गेममधले कितीतरी दिवस सरदाराला खबर नाही. आणि काय झालं, ड्रॅगनांनी जग जाळलं का? नाही. तुम्ही सरदाराकडं जाऊन ती मधली एक-दोन कामं करत नाही तोपर्यंत वाटेत एकसुद्धा ड्रॅगन तुमच्यावर येत नाही. म्हणजे जगाचा अंत तुमची वाट बघत थांबतो!

माझ्या मते अख्खी मोहिनी इथंच आहे. बाकीचं, म्हणजे तलवारी, जादू, ती अतिसुंदर डोंगरांची चित्रं, ते सगळं नंतर. ४१ वर्षांच्या माणसाच्या दिवसात थांबणारी गोष्ट कुठली असते सांगा. ऑफिसचं काम थांबत नाही, हप्ता थांबत नाही, पोरीचा डबा थांबत नाही. तुमच्याही नाही थांबत, ते मला माहितीय, त्यावर येतेच. पण दिवसभर "आत्ताच्या आत्ता" ऐकलेल्या माणसाला एक जागा सापडलीय जिथं सगळ्यात अर्जंट काम सुद्धा म्हणतं, ये रे तुझ्या सवडीनं, आधी फुलं तोडून घे.

आणि दुसरं म्हणजे तिथं जे दिसतं तिथं जाता येतं. सुरुवातीच्या त्या नदीकाठच्या गावाकडं येतानाच सोबतचा माणूस वर डोंगराकडं बोट दाखवतो, ते बघ ते जुनं थडगं. नुसतं मागं रंगवलेलं चित्र नाहीये ते, मनात आलं तर आत्ता चालत जा, वाट सापडेल, आत भुतं असतील, मराल, परत जाल. मग एकदा हे कळलं की कुठंच सरळ जाणं होत नाही. मला तर कोल्ह्यांनी फार फिरवलं. कोल्हा दिसला की मी मागं पळायची आणि दर वेळी तो कुठल्यातरी पडक्या छावणीपाशी नाहीतर खजिन्यापाशी नेऊन सोडायचा. मला वाटायचं मला लागलेलं वेड आहे हे, पण इतरही खेळणारे तेच म्हणायचे. मग २०२१ मध्ये गेम बनवणाऱ्यांपैकीच एकानं याचं गुपित सांगितलं, आणि ते इतकं भारी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेममधली जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या त्रिकोणांनी झाकलेली असते, प्राण्यांना आणि माणसांना कुठून चालायचं ते कळावं म्हणून. कोल्हा तुम्हाला घाबरून पळतो, पण लांब म्हणजे किती लांब हे तो त्रिकोण मोजून ठरवतो. मोकळ्या रानात त्रिकोण मोठे आणि थोडे, आणि जिथं छावणी, पडके वाडे, सामानसुमान असतं तिथं बारीक बारीक आणि खच्चून भरलेले. म्हणून भरपूर त्रिकोण ओलांडायला तो पळतो नेमका तिकडंच. कुणी मुद्दाम ठरवून केलेलं नाही! मला हे कळल्यावर मजा कमी होईल असं वाटलेलं, उलट वाढली.

हे असं भटकायला लावणारे खेळ काही आजचे नाहीत. १९८६ चा झेल्डा नावाचा गेम ज्यांनी काढला ते शिगेरू मियामोतो लहानपणी घराजवळच्या रानात फिरायचे, एक गुहा सापडली होती तिच्यात कंदील घेऊन शिरले होते, ती गुहेत शिरतानाची धाकधूक गेममध्ये आणायची होती असं त्यांनीच सांगितलंय. मोठ्या माणसाला अशी गुहा कुठं मिळणार? आणि मिळाली तरी कपडे कोण धुणार.

तुम्हाला कदाचित वाटेल की जग प्रचंड मोठं असतं म्हणून लोक अडकतात. तसं नाही. स्कायरिमच्याच मालिकेतला १९९६ चा डॅगरफॉल घ्या, त्याचं जग जवळपास ब्रिटनएवढं होतं, कॉम्प्युटरनं आपोआप तयार केलेलं, हजारो गावं आणि बरीचशी एकसारखी. त्यापुढं स्कायरिम म्हणजे एखादा तालुका पण नाही, घोड्यावरून या टोकाहून त्या टोकाला तुम्ही तासाभराच्या आत पोचाल. पण प्रत्येक वळणावर कुणीतरी हातानं काहीतरी ठेवलंय. एखाद्या झोपडीत सांगाडा, शेजारी अर्धवट लिहिलेली डायरी, आणि तुम्ही तिथं उभ्या राहून विचार करता की इथं झालं काय असेल. कुणी विचारत नाही, कुणी बक्षीस देत नाही.

या बाबतीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र दुसऱ्या गेममधली आहे, २०१५ चा विचर ३, पोलंडच्या लोकांनी बनवलेला. हिरो म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा भाडोत्री, एकदम दरारा असलेला माणूस. आणि पहिल्याच गावात एक म्हातारी त्याला अडवते आणि म्हणते माझा तवा आत अडकलाय तो काढून दे. कुणा अनोळखी माणसाला तिनं खोपटं वापरायला दिलेलं, तो गेला, दार बंद, तवा आत. आपण दार फोडून आत जातो तर प्रेत पडलंय, काहीतरी भानगड झालेली दिसते, मेलेल्यानं तव्याची काजळी खरवडून तिची शाई करून काहीतरी लिहिलेलं असतं. बाहेर येऊन तवा म्हातारीला दिला की तिला त्या भानगडीशी काही घेणं नाही, तवा कसा लख्ख निघाला याचंच तिला कौतुक. पाच मिनिटांचं काम. मोठमोठे राजे आणि लढाया विसरले मी, तो तवा विसरले नाही. चांगला ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे हवं तिकडं भटकता येणारा गेम, कसा असतो ते कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

आणखी एक कारण आहे जरा पुस्तकी. रायन, रिग्बी आणि प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये गेम माणसाला का ओढतात यावर काम केलं होतं, त्यात तीन गोष्टी येतात, आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. मधली बघा. स्कायरिममध्ये जे कराल ते वाढतं. लपून चाललात की लपणं वाढतं, ढाल धरून मार खाल्लात की ढाल धरणं वाढतं, आणि वाढलं की स्क्रीनवर लगेच दिसतं. आपण खऱ्या आयुष्यात दहा वर्षं नोकरी करून किती शिकलो हे कुठं दिसतं? घरकामात तर बोलायलाच नको, रोज करा, रोज तितकंच, लेव्हल वाढल्याचा आवाज काही येत नाही.

तर "घरात काय कमी पडलं" या प्रश्नाचं माझं उत्तर असं की तुमच्या पत्रावरून तरी काही कमी पडलेलं दिसत नाही. माणूस जेवण झाल्यावर फेरी मारायला बाहेर पडतो तेव्हा घर नकोसं झालंय असं आपण म्हणतो का? तो रोज रात्री फेरीला जातोय, फक्त सोफ्यावर बसून. तिसऱ्यांदा सुरू केलंय त्याचंही तेच, ओळखीची वाट आहे. नव्या गेममध्ये शिकावं लागतं, मरावं लागतं, रात्री साडेदहाला तेवढी ताकद नसते.

पण.

फेरी एकट्यानं मारायची आणि रोज त्याच वेळेला, ही भानगड आहे, आणि हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही तरी मला ओळींमधून ऐकू आलं. मुलगी झोपल्यानंतरचे दीड-दोन तास हे तुम्हा दोघांच्या दिवसातले एकमेव रिकामे तास आहेत. ते सगळेच्या सगळे त्यानं घेतलेत आणि तुम्हाला विचारलेलं नाही. त्याला थांबणारं जग मिळालं, तुमचं कुठाय? तो फुलं तोडत होता तेव्हा तुम्ही वीस मिनिटं मागं उभ्या होतात, उभ्या! हे त्याला जसंच्या तसं सांगा. गेमवर बोलू नका, तासांवर बोला. गेमवर बोललात की तो गेमची वकिली करेल, आणि ती वकिली त्याला जमते, मी वर केलीच ना. तासांवर बोललात तर त्याच्याकडं वकिली नाही. आठवड्यातल्या तीन रात्री त्याच्या, दोन तुमच्या एकटीच्या, त्यात तुम्ही काय वाटेल ते करा आणि पोरगी उठली तर तो बघेल, दोन दोघांच्या, असं काहीतरी सरळ वाटून घ्या.

काळजी कधी करायची तेही सांगून टाकते, कारण असली पत्रं आली की कुणीतरी "व्यसन" हा शब्द टाकतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात बघतात ते असं की खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान होतंय हे दिसूनही तो चालूच राहतो, आणि हे साधारण वर्षभर. नोकरी करणारा, अभ्यास घेणारा, दोन तासांनी उठणारा माणूस यात बसत नाही. झोप उडायला लागली, ऑफिसला दांड्या, विचारलं की खोटं बोलणं, असं दिसलं तर मग डॉक्टरांकडं जायला लाजू नका. आणि हो, पैसे. स्कायरिम एकदा विकत घेतला की संपलं. पण याच जातीचे दिसणारे काही नवे गेम आहेत, फुकट असतात आणि मग नव्या पात्रासाठी सोडतीसारखे पैसे टाकायला लावतात, गेन्शिन इम्पॅक्ट वगैरे. तो तिकडं वळला तर कार्डाचं स्टेटमेंट बघत जा. नकाशावर शंभर प्रश्नचिन्हं आणि प्रत्येकाखाली तीच ती पेटी, असले गेमही असतात, विचरमध्ये पण समुद्रात तसलं एक प्रकरण आहेच. ते भटकणं नाही, ती ऑफिसची दुसरी शिफ्ट, आणि त्यातून उठलेला माणूस आणखी चिडचिडा असतो. त्याचा चेहरा बघून कळेल तुम्हाला.

एक उपयोगाची गोष्ट. "दोन मिनिटं, आलोच" हे तो म्हणत असेलच. स्कायरिममध्ये मेनू उघडला की सगळं जग जागच्या जागी थांबतं, बाण हवेत असेल तर हवेत, आणि गेम कुठंही सेव्ह करता येतो. त्यामुळं या गेममध्ये "दोन मिनिटं" ही शुद्ध थाप आहे, खुशाल उठवा. उद्या त्यानं एल्डन रिंग लावला, २०२२ चा, तर मात्र थोडी दया दाखवा, त्यात नेहमीसारखं पॉजचं बटणच नाही, मेनू उघडून बसलात तरी समोरचा येऊन हाणतोच. तो गेम सुरू होतो तिथंच बाहेर एक सोनेरी घोडेस्वार फिरत असतो, नवीन माणूस हमखास त्याच्याकडं जातो आणि हमखास मरतो. त्याला वळसा घालून जाता येतं, पण जा म्हणून कुणी सांगत नाही.

आणि दोघांच्या त्या दोन रात्रींपैकी एका रात्री तुम्ही खेळा. त्याच्या बाजूला बसून बघायचं नाही, कंट्रोलर तुमच्या हातात, पात्र तुमचं, पहिल्यापासून. मांजरासारखी दिसणारी एक जमात आहे त्यात, खजीत नावाची, मी तीच घेते नेहमी, अंधारात दिसतं. पहिली पंधरा मिनिटं तुम्ही भिंतीला धडकाल, आकाशाकडं बघत चालाल, सगळ्यांचं होतं ते. नदीकाठच्या गावात पोचलात की मग सरदाराकडं जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. त्याला आतून गुदगुल्या होत असणार, इकडं नको तिकडं जा, ते उचल, अगं तो कोबी कशाला घेतलास. कंट्रोलर मागितला तर देऊ नका.